पऱ्हाटीपासून इथेनॉल : कारखान्याआधी काडीची व्यवस्था हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले आणि तेव्हापासून यापुढचे इथेनॉल कशापासून करायचे, हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. उसावर भिस्त ठेवावी तर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंधने आणली होती, हे साखर कारखाने विसरलेले नाहीत. मक्याकडे वळावे तर कोंबडीखाद्याचा भाव चढतो आणि त्याची झळ नवापूरच्या पोल्ट्री व्यावसायिकांपर्यंत पोहोचते. अशा वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दर हिवाळ्यात शेताशेतांत उभी राहणारी, बांधावर रचली जाणारी किंवा सरळ पेटवून दिली जाणारी कपाशीची काडी, म्हणजे पऱ्हाटी, इथेनॉलसाठी वापरावी, ही सूचना वरचेवर पुढे येते. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आहे आणि घरची शेती कपाशीची असल्याने या विषयाच्या दोन्ही बाजू मला जवळून दिसतात. सूचना चांगली आहे. मात्र तिची चर्चा नेहमी कारखान्यापासून सुरू होते आणि काडी शेतातून कारखान्यापर्यंत कोण, केव्हा आणि कोणत्या स्थितीत आणणार, या प्रश्नापर्यंत ती क्वचितच येते. माझ्या मते क्रम उलटा असायला हवा, आणि त्याची कारणे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम थोडे शास्त्र. मळीत साखर तयारच असते. यीस्ट घातले की ती आंबते. मक्यातला स्टार्च सहज फुटून त्याची साखर होते. लाकडी काडीतही साखरच असते, पण ती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत घट्ट बांधलेली असते, त्या साखळ्यांभोवती हेमिसेल्युलोजचे वेष्टन असते आणि या सगळ्याला लिग्निन नावाचे चिवट द्रव्य जखडून ठेवते. कोरड्या पऱ्हाटीत सेल्युलोज साधारण ३५ ते ४० टक्के, हेमिसेल्युलोज २० टक्क्यांच्या आसपास आणि लिग्निन २० ते २५ टक्के असते. भाताच्या पेंढ्याच्या तुलनेत तिच्यात सिलिका कमी, पण लिग्निन जास्त. म्हणून काडीची आधी बारीक कुट्टी करावी लागते. मग सौम्य आम्ल आणि दाबाखालची वाफ यांच्या साह्याने दीडशे अंशांच्या वरच्या तापमानाला ती सैल केली जाते. त्यानंतर सेल्युलेज नावाची एन्झाइमे सेल्युलोजचे ग्लुकोज करतात. तिथून पुढचे आंबवणे, ऊर्ध्वपातन आणि पाणी काढून टाकणे ही कामे कोणत्याही डिस्टिलरीच्या माणसाला परिचयाची आहेत. हेमिसेल्युलोजपासून निघणारी झायलोज ही साखर मात्र नेहमीचे यीस्ट खात नाही. तिच्यासाठी वेगळ्या जातीचे यीस्ट तरी आणावे लागते किंवा तिच्यापासून फुरफुरालसारखे दुसरे रसायन तरी करावे लागते. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ मिळते.

या एन्झाइमांचा कपाशीशी संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजू लागले, तेव्हा त्या कुजण्याचा शोध घेताना सुतातले सेल्युलोज खाणारी एक बुरशी हाती लागली. ती ट्रायकोडर्मा. आपल्याकडे मर रोगासाठी बियाण्याला चोळतात त्या ट्रायकोडर्माच्याच कुळातली. त्याच मूळ वाणाच्या सुधारित पिढ्या आज जगभर औद्योगिक सेल्युलेज तयार करण्यासाठी वापरल्या जातात.

तंत्रज्ञान अस्तित्वात आहे आणि ते आपल्या राज्यातही आहे. हरियाणात पानिपत येथे इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. आसाममध्ये गोलाघाट जिल्ह्यात नुमालीगढ येथे सप्टेंबर २०२५ मध्ये बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याला वर्षाला सुमारे पाच लाख टन हिरवा बांबू लागतो आणि इथेनॉलबरोबर तो फुरफुराल आणि ॲसिटिक आम्लही बनवतो. तेव्हा ‘हे होऊ शकते का’ हा प्रश्न उरलेला नाही. ते परवडते का आणि ते वर्षभर न थांबता चालते का, हे प्रश्न उरले आहेत.

पानिपतचे जाहीर झालेले आकडे घेऊन हिशेब करू. खर्च सुमारे ९०० कोटी रुपये, पेंढा वर्षाला दोन लाख टन, इथेनॉल वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर. म्हणजे एका टनामागे १५० लिटर. रसायनशास्त्राच्या कागदी हिशेबाने एक टन पऱ्हाटीतल्या सेल्युलोजपासूनच अडीचशे लिटरांहून अधिक इथेनॉल निघायला हवे. कारखान्यात तेवढे हाती लागत नाही, कारण काही सेल्युलोज अखेरपर्यंत फुटत नाही, काही साखर तापमानाने खराब होते आणि काही यीस्टच्या स्वतःच्या वाढीत जाते. भांडवलाचा हिशेब याहून बोलका आहे. वर्षाच्या एका लिटर क्षमतेमागे ३०० रुपये गुंतवणूक होते. तिच्यावर नुसते दहा टक्के व्याज धरले तरी प्रत्येक लिटरवर ३० रुपये चढतात, आणि तेही कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तर. मक्यापासूनच्या इथेनॉलला तेल कंपन्यांनी दिलेला दर लिटरला ७१.८६ रुपये आहे. तोच दर पऱ्हाटीच्या इथेनॉलला मिळाला असे धरले, तर एका टन काडीपासून पावणेअकरा हजार रुपयांच्या आसपास उत्पन्न होते आणि त्यातले साडेचार हजार व्याजातच जातात. राहिलेल्या रकमेत काडी, वाहतूक, एन्झाइमे, आम्ल, पगार, सांडपाण्याची विल्हेवाट आणि दुरुस्ती एवढे सगळे बसवायचे आहे. केंद्राची प्रधानमंत्री जी-वन योजना व्यापारी प्रकल्पाला १५० कोटी रुपयांपर्यंत साह्य देते आणि २०२४ मध्ये तिची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढवली आहे, त्यामुळे भार काहीसा हलका होईल. पण असा कारखाना वर्षातले चार महिने कच्च्या मालाविना बंद राहिला, तर कोणतीही योजना त्याला वाचवू शकणार नाही.

परदेशात असे कारखाने बंद पडलेले आहेत. अमेरिकेतील आयोवा राज्यात ड्यूपाँट कंपनीने मक्याच्या धांड्यांपासून इथेनॉल करणारा प्रचंड कारखाना २०१५ मध्ये सुरू केला आणि २०१७ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. त्याच राज्यातील पोएट आणि डीएसएम यांच्या कारखान्याने २०१९ मध्ये इथेनॉलचे उत्पादन थांबवले. रुमानियातील क्लॅरियंटचा प्रकल्प २०२३ च्या अखेरीस बंद झाला. कारणे एकच एक नव्हती. बाजारभाव आणि सरकारी धोरण यांचाही त्यात वाटा होता. तरी अमेरिकेतल्या अनुभवात एक तक्रार वारंवार भेटते : धांड्यांबरोबर येणारी माती आणि दगड यंत्रे खाऊन टाकत, आणि साठवलेल्या गठ्ठ्यांना आगी लागत. म्हणजे एन्झाइमे आणि यीस्ट यांच्याआधी तिथल्या लोकांना गठ्ठ्यांनीच जेरीस आणले.

आता हे चित्र खान्देशात आणून पाहावे. एकट्या जळगाव जिल्ह्यात कपाशीखालचे क्षेत्र सर्वसाधारणपणे पाच लाख हेक्टरांच्या आसपास असते आणि हेक्टरी दोन ते तीन टन काडी निघते. पानिपतएवढ्या कारखान्याला लागणारी दोन लाख टन काडी जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शातून मिळू शकेल, म्हणून मालाचा तुटवडा नाही. अडचण वेळेची आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत अडीच महिन्यांतच ही काडी शेतातून निघते. तेवढ्या दिवसांत दोन लाख टन उचलायचे तर रोज अडीच हजार टनांहून अधिक माल हलवावा लागेल, आणि कारखान्याची रोजची भूक मात्र सहाशे टनांची. बाकीचा माल आपल्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात सांभाळायचा आहे. शिवाय पंजाब-हरियाणातल्या पेंढ्याची बेलर यंत्राने गाठोडी बांधता येतात, पऱ्हाटीची येत नाहीत. ती आडवीतिडवी फांदलेली असते. ट्रॉली उंच भरलेली दिसते आणि वजनकाट्यावर गेल्यावर चालकाचा चेहरा उतरतो. अशी मोकळी काडी वीस-पंचवीस किलोमीटरांपलीकडे नेणे डिझेलला परवडणार नाही. तिची शेतातच कुट्टी झाली पाहिजे.

कुट्टी शेतातच व्हावी, याला वाहतुकीहून मोठे दुसरे कारण आहे आणि या चर्चेत त्याचा उल्लेखही होत नाही. ते कारण म्हणजे गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कपाशीचे जे केले ते कोणी विसरलेले नाही. हंगाम संपताना ही अळी झाडावर राहिलेल्या किडक्या, अर्धवट उघडलेल्या बोंडांत किंवा दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांच्या पोकळीत सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर पतंग होऊन बाहेर पडते. म्हणूनच फरदड (हंगाम संपल्यावरही तीच झाडे राखून घेतलेले जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढा, ती बांधावर किंवा घराजवळ रचून ठेवू नका, आणि १ जूनपूर्वी कपाशी लावू नका, असे कृषी विभाग सतत सांगत असतो. आता विचार करा, बोंडांसकट अख्खी काडी हजारो शेतांतून गोळा करून एखाद्या कारखान्याच्या आवारात डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत रचून ठेवली, तर तो आवार म्हणजे जून-जुलैमध्ये साऱ्या तालुक्याला पतंग पुरवणारे केंद्र होईल. आज विखुरलेली कीड आपण स्वतः खर्च करून एका जागी आणून ठेवू. उलट काडी उपटल्याबरोबर तिची बोंडांसह बारीक कुट्टी केली, तर त्यातल्या बहुतेक अळ्या तिथेच नष्ट होतात. म्हणजे नीट योजले तर इथेनॉलची काडी-खरेदी हाच बोंडअळीवरचा चांगला उपाय ठरेल, कारण फुकटच्या सल्ल्याने न हलणारा शेतकरी जानेवारीअखेरपर्यंत काडी दिल्यास रोख पैसे मिळणार म्हटल्यावर फरदडीचा मोह सोडील. आणि नीट योजले नाही तर हाच प्रकल्प बोंडअळीला राजाश्रय देईल.

येथे एक खरा पेच आहे. बोंडअळीच्या दृष्टीने झाड मुळासकट निघावे, कारण खुंट राहिला आणि ओल असली की त्याला फुटवे येतात. कारखान्याच्या दृष्टीने मात्र मुळाबरोबर येणारी काळी माती म्हणजे यंत्राच्या पात्यांचा आणि पंपांचा नाश. आयोवातली कथा तीच. मला व्यवहार्य वाटतो तो मार्ग असा की, काडी जमिनीपासून चार बोटे वर कापून तिची कुट्टी करावी आणि खुंट लगेच रोटाव्हेटरने मातीत मिसळावेत. त्याने जमिनीला थोडे सेंद्रिय द्रव्यही परत मिळते. आपल्या जमिनींतला सेंद्रिय कर्ब आधीच तळाला गेलेला असताना शेतातली प्रत्येक काडी उचलून न्यावी, असे कोणत्याही शेतकऱ्याने कबूल करू नये. ज्यांची कुट्टी करून ती जमिनीतच गाडण्याची तयारी आहे, त्यांनी ती खुशाल गाडावी. त्यांना कोणी करारात ओढू नये.

कुट्टीचा साठा कोठे करावा, याविषयीही अनेकदा घाईने बोलले जाते. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने गावोगाव आहेत, त्यांच्याकडे जागा आहे, वजनकाटे आहेत, म्हणून तिथे खरेदी केंद्रे करावीत, अशी कल्पना मांडली जाते. जानेवारीत जिनिंगचे आवार कापसाने भरलेले असते. रुईच्या ढिगाशेजारी लाकडाच्या कोरड्या भुशाचा ढीग रचण्याची कल्पना ज्याला सुचते त्याने जिनिंगमधली आग पाहिलेली नसावी. त्यापेक्षा खान्देशातले जे सहकारी साखर कारखाने वर्षानुवर्षे बंद पडून आहेत, त्यांची आवारे या कामाला अधिक योग्य आहेत. तिथे ट्रक मोजण्याचे काटे आहेत, उसाच्या गाड्या उभ्या राहत ती मोकळी मैदाने आहेत, बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, साठवण्याच्या जागा आहेत. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तोडणी-वाहतुकीचे करार, शेतकीच्या नोंदी आणि मुकादमाच्या टोळ्या ही सारी पद्धत ज्यांनी चालवली अशी माणसे अजून त्या गावांत आहेत. ऊस ठरल्या तारखेला शेतातून काट्यावर आणण्याचे जे कसब महाराष्ट्राने कमावले, त्याचा उपयोग पऱ्हाटीला करता येईल. अर्थात तिथे ज्यांचे ऊसबिल आणि पगार अडकून पडले, ते लोक नव्या कोणत्याही करारावर सहजासहजी सही करणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून काडीचे पैसे काट्यावरच, त्याच दिवशी खात्यात जमा व्हावेत. उधारीची पद्धत पहिल्या दिवसापासून नको.

दराविषयी थोडे स्पष्ट बोलतो. एकरी साधारण एक टन काडी निघते. ती उपटण्याची मजुरी आज शेतकरी स्वतःच्या खिशातून देतो, मग ते काम चिमट्याने होवो की ट्रॅक्टरने. कुट्टी यंत्र आणि त्याचे डिझेल खरेदीदाराने पुरवले आणि शेतकऱ्याला किलोमागे दीड-दोन रुपये दिले, तर एकरी दीड ते दोन हजार रुपये हातात येऊन शिवाय शेत रिकामे होते. उन्हाळी तीळ-मुगासाठी शेत लवकर मोकळे होणे हा बागायतदारांचा वेगळा फायदा. याहून कमी दर दिला तर काडी पेटवली जाईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही. पण पऱ्हाटीचे आजचे ग्राहक कोण आहेत, हेही पाहिले पाहिजे. गावातल्या भूमिहीन कुटुंबांतील बाया ती विनामूल्य नेतात आणि पावसाळ्यापर्यंतचे सरपण साठवतात. गॅसची जोडणी मिळाली तरी टाकी भरून आणायला पैसे लागतात. काडीला भाव आला की हे सरपण पहिल्यांदा बंद होईल. खरेदीच्या नियमांतच गावासाठी काही हिस्सा राखून ठेवण्याची तरतूद असावी, आणि कापणी-कुट्टीचे काम त्याच कुटुंबांतील मजुरांना मिळावे.

जाता जाता दोन खुलासे. रावेर-यावल भागात केळीचे खांबही इथेनॉलला चालतील असे उत्साहाने सांगितले जाते. केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. इंधनासाठी तो वाहून नेणे म्हणजे पाण्याची वाहतूक. त्याचा धागा काढावा किंवा खत करावे. दुसरा खुलासा अधिक गंभीर आहे. लाकडापासून इथेनॉल म्हटले की कोणाची तरी नजर सातपुड्याकडे वळते. आसामातल्या बांबूचे उदाहरण देऊन धडगाव-अक्कलकुव्याच्या किंवा यावलच्या जंगलाचा कच्चा माल म्हणून विचार होऊ नये. त्या जंगलावर २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथल्या गावांचा अधिकार मान्य केलेला आहे, आणि रोज ठरावीक टन मागणाऱ्या कारखान्याची भूक कोणत्याही ग्रामसभेच्या ठरावापेक्षा जोरकस ठरते. शेताच्या बांधावर कोणी स्वखुशीने बांबू लावला तर तो जरूर विकत घ्यावा.

मग सुरुवात कोठून करावी? भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशाबरोबर किमान पाच टक्के जैवभाराच्या, म्हणजे शेतातल्या काडीकचऱ्याच्या, दाबून केलेल्या कांड्या जाळण्याचे धोरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये आखले आहे. पऱ्हाटीच्या कुट्टीला तिथे आजच गिऱ्हाईक आहे, आणि कांडी तयार करण्याच्या यंत्राला शेकडो कोटी रुपये लागत नाहीत. ऊर्जेच्याच भाषेत बोलायचे तर १५० लिटर इथेनॉलमध्ये एक टन कोरड्या काडीतल्या उष्णतेचा सुमारे पाचवा हिस्साच उतरतो. सरळ जाळण्यात त्याहून कितीतरी अधिक हाती लागते. इथेनॉलचे समर्थन एवढ्यावरच टिकते की मोटारसायकल काडीवर चालत नाही आणि पेट्रोलसाठीचे कच्चे तेल बाहेरून आणावे लागते. ते समर्थन मला मान्य आहे, म्हणून इथेनॉल नको असे मी म्हणत नाही. पण आधी दोन-तीन हंगाम दीपनगरसाठी काडी गोळा करून पाहावी. धरणगाव, चोपडा, पारोळा, शिंदखेडा अशा कपाशीच्या तालुक्यांत दोन-तीन केंद्रे उभारावीत. कुट्टीत माती किती येते, ओल किती राहते, ढिगाला उन्हाळ्यात काय होते, कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या सापळ्यांत) जूनमध्ये पतंग किती सापडतात, एका टनाला प्रत्यक्ष किती खर्च येतो, याच्या नोंदी ठेवाव्यात. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि कंपोस्ट करण्यावर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, बरेच काम केलेले आहे; त्या संस्थेला आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला या नोंदींचे काम द्यावे आणि त्या नोंदी दर हंगामाच्या शेवटी जाहीर कराव्यात. त्या आकड्यांवरून शंभर किलोमीटरांच्या टापूत दोन लाख टन स्वच्छ कुट्टी खरोखर मिळते असे दिसले, तरच इथेनॉल कारखान्याचा प्रस्ताव मांडावा. नाही दिसले तर कांड्यांवर थांबावे.

पुढच्या हंगामाची पऱ्हाटी डिसेंबरात निघू लागेल. कुट्टी यंत्रांची मागणी, केंद्रांच्या जागा आणि दीपनगरचा खरेदी दर हे तीन निर्णय त्यासाठी दिवाळीपूर्वी व्हावे लागतील, आणि ते तिन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांनी एकत्र बसून घ्यावेत, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक,
ता. धरणगाव, जि. जळगाव